धाकट्या फाट्यातला उतारू

ऐका. ज्याला मध्येच उठून बाहेर जायचं असेल त्याने आत्ताच जाऊन यावं. गोष्ट अर्ध्यावर आली की एकट्याने बाहेर जायला कोणी तयार होत नाही, आणि सोबत करायला मी उठणार नाही. झालं सगळ्यांचं? मग ऐका.

आता खाडीवर पूल आहे. गाडीतलं गाणं अर्धं होईपर्यंत तुम्ही पलीकडे असता. खाली भरती आहे की ओहोटी, कोणी बघतसुद्धा नाही. पूल नव्हता तेव्हा आपल्या नांदखोलहून कुठेही जायचं तर अर्जन भाटकराच्या होडीत बसावं लागे. लहान होडी. दोन आडव्या फळ्या, चार उतारू, आणि मागे वल्हं घेऊन अर्जन. ही गोष्ट घडली तेव्हा तो तीस वर्षं ती होडी चालवत होता. पंचांग उघडून तिथी बघायचा, तिची पाऊणपट करायचा आणि भरती किती वाजता पुरी होणार ते सांगायचा. अष्टमी असेल तर सहा वाजता. दशमी असेल तर साडेसात. घड्याळ चुकेल, अर्जन चुकणार नाही.

त्याचे दोन नियम होते. दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पहिला. अंधार पडल्यावर पलीकडून कोणी हाक मारली तर त्याच्या हातात पेटती चूड पाहिजे. चूड म्हणजे नारळाच्या सुक्या झावळ्यांची मोळी, मशालीसारखी पेटवायची. चूड नाही तर होडी नाही. का? तर हाक काय, कोणीही मारील. आग हातात धरायला जिवंत माणूस लागतं. पाण्यातल्याला आग पेलत नाही.

दुसरा. होडीत बसलं की हात आत. काठ धरायचा नाही. होडी धक्क्याला लागताना काठ आणि दगड यांच्या मध्ये बोटं सापडली की त्यांचं काय होतं ते अर्जनने पाहिलं होतं. म्हणून तो दर खेपेला ओरडायचा, "हात आत घ्या." आणि दर खेपेला होडी जरा डुलली की सगळे हात काठावर. शाळेचे मास्तर, देवळाचे पुजारी, एकदा तर पंचनाम्याला निघालेले फौजदार. तीस वर्षांत एका उतारूने त्याचं ऐकलं नव्हतं.

आणि एक त्याची खुबी. होडीत किती भार आहे हे तो डोळ्यांनी बघत नसे. काठाबाहेर हात सोडायचा आणि पाण्यावर किती बोटं सुकं लाकूड उरलंय ते चाचपायचा. तो एकटा असला तर बारा बोटं. एक उतारू बसला की दोन बोटं कमी. डोळ्यांना अंधारात फसवता येतं, बोटांना नाही, असं तो म्हणायचा. हे त्याचं म्हणणं त्या रात्री त्याच्या चांगलंच अंगाशी आलं.

कार्तिक वद्य दशमी. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार, म्हणजे संध्याकाळीच मिट्ट काळोख. अर्जनची एकुलती एक मुलगी चंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दुपारपासून कळा देत होती. दिवेलागणीला अर्जनची बायको जनी बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, "मूल आडवं हाय. आमच्यानं नाय होणार. येसूआत्येला आणा."

येसूआत्या म्हणजे बोंडाळ्याची सुईण. आडवं मूल पोटावरून हात फिरवून सरळ करणारी आसपास ती एकटीच. बोंडाळं खाडीच्या खालच्या अंगाला, पाऊण तासाच्या वाटेवर.

"किती वेळ हाय?" अर्जनने विचारलं.

"नऊपर्यंत आणा. मग देव जाणे." जनी त्याच्या मागोमाग धक्क्यापर्यंत आली. "मी इथं चूड फिरवत ऱ्हाते. फिरतेय तवर समजा ती हाय. पाण्यात बुडवली तर..." तिने हातातली झावळी मोडली. "तर मग सावकाश या."

हे ऐकून माणूस होडी कशी सोडेल ते तुम्हीच ठरवा. साडेसातला भरती पुरी होणार होती, सात वाजता अर्जन निघाला. पाणी थांबलेलं, वारा नाही. सरळ मोठ्या फाट्याने तो पावणेआठला बोंडाळ्याला लागला.

येसूआत्या पेज जेवत होती. सत्तरीची, देहाने भरभक्कम, आणि घाई हा शब्द तिला कोणी शिकवलेला नव्हता.

"आत्ये, ऊठ. चंद्रीचं मूल आडवं हाय."

"आडवं हाय तर ते पळून जात नाय," ती म्हणाली. पण हात धुवायला उठली. मग गाठोडं बांधलं. त्यात तेल, सुती दोरा, धुतलेली फडकी आणि नाळ कापायचं लोखंडी पातं. मग दार लावलं. मग कोंबड्या झाकल्या का ते बघायला परत गेली. सव्वाआठ झाले. माझी अर्धी नोकरी अशा माणसांची वाट बघण्यात गेली, म्हणून सांगतो, अशांवर ओरडून उपयोग नसतो, ती आणखी एकदा कोंबड्या बघतात.

ती होडीत चढली आणि पुढच्या फळीवर अर्जनकडे तोंड करून बसली. पाण्याकडे बघितलं की तिला गरगरायचं. होडी डुलली तशी तिने दोन्ही हातांनी काठ धरला.

"हात आत घे, आत्ये."

"माझे हात, मी कुठंही ठेवीन. तू होडी हाक."

"बोटं सापडतील."

"तुझ्या जन्माच्या वेळी तुझं डोकं याच हातांनी धरलं होतं. तेव्हा नाय सापडली ती." हात होते तिथेच राहिले. अर्जनने काठाखाली बोटं घातली. नऊ. येसूआत्येचा भार दोनाऐवजी तीन बोटं, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

आता नीट ऐका. बोंडाळं आणि नांदखोल यांच्या मध्ये तिवरांचं, म्हणजे खारफुटीच्या झाडांचं, बेट आहे. खाडी तिथे दुभंगते. एका बाजूने मोठा फाटा, खोल आणि रुंद. दुसऱ्या बाजूने धाकटा फाटा, दोन्हीकडून तिवरं अंगावर आलेली, एका होडीपुरती वाट. भरतीला तिथे पाणी, ओहोटीला नुसता चिखल. त्या वेळी ओहोटी लागून पाऊण तास झाला होता. मोठ्या फाट्याने जायचं तर सगळी खाडी तोंडावर येणार, दोन तास वल्हं मारूनही पोचायची खात्री नाही. धाकट्या फाट्यात ओढ नाही, वाट अर्धी, आणि पाणी अजून पाऊण तास टिकणार. नऊला धक्क्यावर पोचवणारी वाट तीच.

पण रात्री त्या वाटेने कोणी जात नसे. तिथे गिऱ्हा होता. गिऱ्हा म्हणजे पाण्यात मेलेल्याचं भूत. त्याला सोबत लागते, म्हणून तो आणखी माणसं आत ओढतो. हा गिऱ्हा कोणाचा, याबद्दल गावात तीन मतं होती, आणि ती तिन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

फाट्याच्या तोंडाशी अर्जनने वल्हं थांबवलं.

"काय रे?"

"धाकट्यातून जावं लागेल."

येसूआत्येने काठ आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "मोठ्यातून गेलो तर?"

"तर तू उशिरा पोचशील."

"मग विचारतोस कशाला?"

होडी आत शिरली.

आत शिरल्याबरोबर आवाज बंद. बेडूक नाही, रातकिडा नाही. पुढे टोकाला दांडीवर कंदील होता, त्याच्या उजेडात तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. आणि लांब, फाटा जिथे उघडतो तिथे, सरळ रेषेत नांदखोलचा धक्का. धक्क्यावर लाल ठिपका. गोल फिरत होता. चंद्रा होती.

अर्जनने वल्हं मारलं. एक, दोन, तीन, चार. आणि डाव्या अंगाच्या तिवरांतून हाक आली.

"अहोऽऽ. परत फिरा. आटपलं सगळं."

जनीचा आवाज. तोच, जरा घोगरा, शेवटी खाली पडणारा.

"जनी हाय ती," येसूआत्या म्हणाली. "अर्जना, जनी रडतेय."

अर्जनने आवाजाच्या बाजूला पाहिलं. काळोख. मग पुढे पाहिलं. ठिपका फिरत होता.

"चूड कुठाय तिच्या हातात?" तो म्हणाला. "चूड नाय तर होडी नाय."

तीस वर्षांचा नियम. त्याने वल्हं आणखी जोरात मारलं. हाक पुन्हा आली, या खेपेला अगदी जवळून. तिसऱ्या खेपेला ती हाक होडीच्या खालून आली.

मग छपकन पाणी उडालं. नेमकं कंदिलावर. काच तडकली, वात फसफसली, विझली. अर्जन थांबला नाही. समोर ठिपका होता, त्याला तेवढा पुरे. पण वल्हं जड लागायला लागलं. होडी चिखलातून ओढल्यासारखी चालली. त्याने सवयीने काठाखाली हात सोडला.

सहा बोटं.

सहा? नऊ होती. होडीत पाणी आलं असणार, तळाची फळी उसवली असणार. तो डबा घेऊन खाली वाकला आणि उपसायला लागला. डबा लाकडावर खरडला. पाणी नव्हतंच. त्याने तळहाताने तळ चाचपला. सुका, ठणठणीत. आणि काठाखाली सहाच बोटं.

काय म्हणालास? विजेरी? अरे, विजेरी तेव्हा फक्त फौजदाराकडे होती, आणि तो घाबरट होता म्हणून होती. पुढे ऐक.

अर्जनने वल्हं ठेवलं आणि लांब काठी घेतली. उथळ पाण्यात काठी तळाला टेकवून होडी रेटतात. त्याने काठी रोवली, रेटली, होडी चार हात पुढे गेली. पुन्हा रोवली, रेटली. ओढून घ्यायला गेला तर काठी येईना. चिखलात रुतली म्हणून हिसका दिला. खालून हिसका आला. पुन्हा दिला. पुन्हा आला, आधीपेक्षा जोराचा. कोणीतरी खाली काठीचं दुसरं टोक धरून उभं होतं.

नावाड्याला पहिल्या दिवशी शिकवतात, काठी अडकली तर काठी सोडायची, होडी सोडायची नाही. अर्जनने काठी सोडली. ती ताठ उभी राहिली पाण्यात. मग हळूहळू, कोणी ओढून घ्यावी तशी, खाली गेली.

"काय गेलं?" येसूआत्येने विचारलं.

"काय नाय. काठी."

"काठी काय नाय?"

त्याने पुन्हा बोटं घातली. पाच. आता त्याच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, भार कमी केला पाहिजे. ही त्याची चूक. दुसरं कोणी असतं तर बोंब ठोकून डोळे मिटून बसलं असतं आणि कदाचित बरं झालं असतं. पण हा नावाडी. याचा विश्वास बोटांवर. त्याने नांगराचा दगड उचलला आणि पाण्यात सोडला. होडी वर आली, सहा बोटं. तो वल्हं धरतो न धरतो तोच पुन्हा पाच. पाण्याचा माठ टाकला. सहा. मग चार. कोपऱ्यातलं भिजलं जाळं टाकलं. पाच. मग तीन. तो एक वस्तू टाकी, आणि कोणीतरी तिच्या दुप्पट होऊन बसे.

आणि तेवढ्यात समोरचा ठिपका नाहीसा झाला.

अर्जनचं वल्हं हवेतच राहिलं. त्याने डोळे ताणले. काळोख. जनीने चूड पाण्यात बुडवली. संपलं. चंद्रीला दोन वर्षांची असताना याच होडीत त्याने दोरीने कमरेला बांधून घेतली होती, ते त्याला आठवलं. दुसरं काहीच आठवेना. वल्हं त्याने मांडीवर ठेवलं.

"का थांबलास?"

"चूड विझली, आत्ये."

येसूआत्या पुढच्या फळीवर होती, धक्क्याकडे पाठ करून. ती मान वळवून बघत राहिली. मग तिचा आवाज आला, "आंधळा झालास काय? पेटलीय की. गरागरा फिरतेय."

अर्जनने डोळे पुसले. ठिपका नव्हता. तो डावीकडे झुकला. ठिपका होता. सरळ झाला. नव्हता.

उमगलं का? चूड विझली नव्हती. अर्जन आणि चूड यांच्या मध्ये कोणीतरी बसलं होतं. मधल्या फळीवर, त्याच्यापासून दोन हातांवर.

"अर्जना," येसूआत्या अगदी हळू म्हणाली, "माझ्या गुडघ्याला कुणाचा तरी ओला गुडघा लागतोय."

अर्जनने आयुष्यात मारलं नव्हतं इतक्या जोराने वल्हं मारलं. आंधळ्यासारखं मारलं. होडी वाकडी गेली आणि धाडकन तिवरांच्या मुळांवर चढली. येसूआत्या फळीवरून उलथली. अर्जन तोंडावर पडला. अंधारात कोण कोणावर पडलं, कोण कुठून उठलं, काही कळलं नाही. तो उठून बसला तेव्हा होडीचं बूड चिखलात रुतलं होतं. त्याने काठाखाली बोटं घातली. पाणी खाली सरकत होतं. आणखी थोडा वेळ, आणि फाट्यात नुसता चिखल. मग सकाळच्या भरतीपर्यंत तिथेच. दोघं नव्हे, तिघं.

होडी हलकी करायला हवी. टाकण्यासारखं काय उरलं? त्याचा हात चाचपत गेला आणि सुईणीच्या गाठोड्यावर पडला.

"हात लावशील तर तोडीन," एका बाजूने येसूआत्येचा आवाज आला. "ते गेलं तर मला काय पूजेला नेतोयस?"

"टाक रे," दुसऱ्या बाजूने येसूआत्येचा आवाज आला. "जीव वाचला तर गाठोडं दुसरं बांधीन."

अर्जनचा हात गाठोड्यावर तसाच राहिला. चांदण्यांच्या अंधुक उजेडात दोन फळ्या, दोन काळे आकार, दोन्ही भरभक्कम, दोन्ही धापा टाकणारे.

"आत्ये?"

"काय?" दोघी म्हणाल्या.

मग एकीने विचारलं, "अर्जना, ही कोण?" आणि दुसरीने तेच, तसंच, "अर्जना, ही कोण?"

त्याने तरी काय करावं? त्याने गाठोडं पोटाशी धरलं आणि विचारलं, "गाठोडं टाकू का?"

"टाकू नकोस," एक म्हणाली. "टाकू नकोस," दुसरीही म्हणाली. तेवढ्यात शहाणी झाली होती ती, आणि आधी टाक म्हणाली ती यांतली कोणती, हे अंधारात अर्जनला सांगता येईना.

"माझ्या आईचं नाव?"

"सखू," दोघी म्हणाल्या.

"मी जन्मलो तेव्हा..."

"नाळेचे दोन वेढे होते गळ्याला," दोघी म्हणाल्या, आणि एक वर म्हणाली, "विचारत काय बसलास, पाणी चाललं." दुसरीही म्हणाली, "पाणी चाललं."

खरंच चाललं होतं. लांब ठिपका फिरत होता, पण आता हळू. हात दुखत असतील जनीचे, किंवा झावळ्या संपत आल्या असतील, किंवा. अर्जनने तो किंवा पुढे नेला नाही. एकीला होडीबाहेर ढकललं तर होडी तरंगेल, एवढं त्याला कळत होतं. आणि चुकीची ढकलली तर? चिखलात येसूआत्या, आणि होडीत बसवून तो घरी काय घेऊन जाणार? बाळंतिणीच्या खोलीत काय नेऊन सोडणार?

त्याने वल्हं उचललं. एकीच्या दिशेने धरलं. मग दुसरीच्या. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं तर नाव आठवेना. शेवटी धीर सुटला, आणि तो रागाने, रडत, एकदम ताड्कन उभा राहिला.

लहान होडीत असं कोणी उभं राहत नाही. नावाडी तर नाहीच. होडी एका अंगावर कलली, पाणी काठावरून आत आलं.

एकीने शिवी हासडली आणि दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला.

दुसरी बसून राहिली. ताठ. होडी कलली तरी ती कलली नाही. दोन्ही हात मांडीवर, नीट आत घेतलेले. त्याने सांगितलं होतं तसे.

तीस वर्षांत त्याचं ऐकणारा पहिला उतारू.

अर्जनने वल्ह्याचं पातं तिच्या छातीवर धरून अंगातला सगळा जोर लावला. वल्हं माणसाला लागतं तसं लागलं नाही. ओल्या चिखलात शिरावं तसं शिरलं, कोपरापर्यंत थंडी चढली. आकार मागे गेला, काठावरून गेला, आणि पाण्याचा आवाज झाला नाही. थेंबसुद्धा उडाला नाही. पण होडी वर आली. बुडाखालचा चिखल सुटल्याचा चप्प आवाज आला आणि होडी तरंगायला लागली.

"मार वल्हं," येसूआत्या ओरडली.

वल्हं मारायला अर्जन बसला, आणि काठावर बोटं आली. बाहेरून. लांब, पांढरी, पाण्यात खूप दिवस राहिल्यासारखी सुजलेली. चार इकडे, चार तिकडे. होडी पुन्हा जड झाली.

येसूआत्येने अर्जनच्या पायाशी पडलेल्या गाठोड्यात हात घातला. "आता धरलास होय काठ?" ती म्हणाली, आणि नाळ कापायचं लोखंडी पातं त्या बोटांवर उतरवलं. "सांगितलं होतं ना, बोटं जातात म्हणून."

बोटं गेली. किंकाळी आली नाही. तिवरांतून एक लांब सुस्कारा आला, धक्क्याला पोचलेल्या माणसाची होडी चुकावी तसा. मग बेडूक ओरडायला लागले.

टाकलेल्या सामानाएवढं पाणी होडी कलताना आत आलं होतं. अर्जनने हात सोडून चाचपलं. नऊ बोटं. त्या नऊ बोटांएवढी मोठी गोष्ट त्याने जन्मात चाचपली नव्हती. काठी नाही, कंदील नाही, बुडाखाली वीतभर पाणी. वल्हं चिखलाला घासत होतं आणि तो मारत होता. ठिपका मोठा झाला. ठिपक्याला ज्वाळा आली. ज्वाळेला हात आला. होडी फाट्यातून बाहेर पडली तेव्हा मागे फाट्यात पाणी नव्हतं, तिवरांची मुळं उघडी पडून चकाकत होती.

धक्क्यावर जनी उभी होती. हातातली चूड शेवटची. मनगटापर्यंत चटके. झावळ्या संपल्यावर तिने अंगणाचं कुंपण मोडून जाळलं होतं.

"हाय?" अर्जनने विचारलं.

"हाय," ती म्हणाली. मग होडीत बघून म्हणाली, "आत्ये, उतर की. काठ काय धरून बसलीस?"

येसूआत्येची बोटं सुटेनात. अर्जनने ती एकेक करून सोडवली. पण बाळंतिणीच्या खोलीत गेल्यावर तेच हात असे फिरले, की घटकाभरात मूल सरळ झालं. पहाटेला मुलगी झाली. चंद्रा वाचली. मुलगी अशी रडली म्हणतात, की बोंडाळ्याच्या झाकलेल्या कोंबड्या जाग्या झाल्या. हे मात्र येसूआत्येचं म्हणणं, आणि कोंबड्यांच्या बाबतीत ती हळवी होती.

सकाळी अर्जन होडी धुवायला गेला तेव्हा धक्क्याच्या पायरीवर काठी होती. शेजारी नांगराचा दगड, माठ आणि जाळं. सगळं नीट मांडून ठेवलेलं, गाळाने माखलेलं. गाव म्हणालं, भरतीबरोबर वाहून आलं. दगड भरतीबरोबर वाहून येतो का, असं कोणी विचारलं नाही. अर्जनने त्यातलं काही घरात घेतलं नाही. सगळं मोठ्या फाट्यात नेऊन सोडलं आणि नवी काठी तोडली.

त्या दिवसापासून "हात आत घ्या" हे त्याने कोणाला सांगितलं नाही. काठ धरा म्हणायचा, खुशाल धरा, धक्का आला की मी सांगेन. आणि एखादा नवखा उतारू आपणहून हात मांडीवर घेऊन गप्प बसला, तर अर्जन मुकाट्याने होडी हलवून बघायचा. मगच सोडायचा.

तुम्ही विचाराल, हे मला कोणी सांगितलं. खुद्द अर्जनने. माझ्या लग्नात, जेवणं झाल्यावर, मला बाजूला घेऊन. त्या पहाटे झालेली मुलगी म्हणजे आत्ता तुम्ही जिच्या हातचा चहा प्यालात ती. चाळीस वर्षं संसार केला, मी सांगितलेली एक गोष्ट तिने ऐकली नाही, आणि मी एकदाही तक्रार केली नाही. जिवंत माणसाची खूण आहे ती. एखाद्या दिवशी मुकाट्याने ऐकायला लागली, तर मी दिवा मोठा करून बघेन.

हसा. पण एवढं ध्यानात ठेवा. पूल झाला तरी धाकटा फाटा आहे तिथेच आहे. हल्ली तुम्ही पोरं मासे मारायला छोटी होडी घेऊन जाता, संध्याकाळ झाली की जवळची वाट म्हणून तिकडे बघता. बघू नका. कितीही उशीर होऊ दे, कितीही घाई असू दे, मोठ्या फाट्याने या. नऊ बोटांची सहा झाली, की होडीत काही टाकण्यासारखं नसतं.

चला, निघा आता. सगळे एकदम निघा. आणि जाताना दारात मोजून घ्या, आलात तेवढेच आहात का.